शेतात विस्कटलेलं शेणखत आणि देशाच्या तक्त्यातली एक ओळ

वाफसा

कुठल्याही देशाचा हरितगृह वायूंचा राष्ट्रीय अहवाल घ्या. शेतीचं प्रकरण उघडलं की आधी जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा मोठा आकडा भेटतो, मग खताच्या साठवणीचा, मग भातखाचरांचा. त्यापुढे 'शेतजमिनी' या भागात, रासायनिक खतांच्या खाली, एक ओळ असते: जमिनीला दिलेलं जनावरांचं खत. चर्चा सहसा तिथवर पोचत नाही. गेले काही महिने मी मात्र याच ओळीशी झटापट करतो आहे, म्हणून हा धागा.

आधी वायू कोणता ते. शेण-मूत्र रानात पडल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण चाऱ्याने तो थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. मिथेन मुख्यतः साठवणीत बनतो, जिथे हवा पोचत नाही अशा टाकीत किंवा खड्ड्यात. रानात हवा खेळती असते, त्यामुळे टाकीतून विरघळून आलेला मिथेन थोड्या वेळात उडून गेला की पुढे फारसा बनत नाही. उरतो नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या मापाने त्याचा एक किलो म्हणजे २६५ किलो कार्बन डायऑक्साइड. पॅरिस कराराखालच्या अहवालांत हाच आकडा चालतो, आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालात तो २७३ झाला आहे. हा वायू हवेत शंभरहून जास्त वर्षं टिकतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे सुमारे २७० भाग होते, आता ३३५ च्या वर गेले आहेत.

तो बनतो असा: खतातलं नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं होतं. हवा मिळाली की मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुढे पाऊस झाला, माती भिजली, हवा कमी पडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू श्वासासाठी त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि पायरीपायरीने त्याचा साधा नायट्रोजन वायू होतो. नायट्रस ऑक्साइड ही या जिन्यावरची शेवटून दुसरी पायरी. काम तिथेच अर्धवट राहिलं की तो हवेत निसटतो.

आता देशाचा आकडा कसा काढतात ते बघा. समजा शेतात गेलेल्या खतात १०० किलो नत्र आहे. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्यातला १ टक्का, म्हणजे १ किलो, थेट नायट्रस ऑक्साइडच्या रूपात गेला असं धरायचं. २० टक्के नत्र अमोनिया वगैरे होऊन उडतं आणि दुसरीकडे कुठेतरी उतरतं, त्याचा १ टक्का: ०.२ किलो. आणखी ३० टक्के पाण्याबरोबर झिरपतं, त्याचा ०.७५ टक्का: ०.२२५ किलो. बेरीज १.४२५ किलो नत्र. त्याला ४४ ने गुणून २८ ने भागलं की वायूचं वजन येतं, सुमारे २.२४ किलो. २६५ ने गुणा: ५९३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं. देशभरच्या खतातलं नत्र घेऊन हाच गुणाकार केला की देशाचा आकडा तयार.

माझं दुखणं या गुणाकाराविषयी आहे. खत कसं दिलं, कधी दिलं, याला त्यात जागाच नाही. एकाने पिकाला गरज असताना, वाफशावर (माती ओलसर पण मोकळी असताना), हिशेबाने खत दिलं आणि लगेच मातीआड केलं. दुसऱ्याने टाकी भरली म्हणून चिबड, पाणी धरून बसलेल्या रानात ओतून मोकळा झाला. तक्त्यात दोघं सारखेच. चांगल्या शेतकऱ्याची मेहनत देशाच्या हिशेबात उमटत नसेल तर त्या मेहनतीवर सरकार पैसा का घालेल? मग कागदावर आकडा उतरवण्याचा एकच रस्ता उरतो, खत कमी करणं, म्हणजे जनावरं कमी करणं.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. खत देण्याच्या पद्धतीप्रमाणे वेगळे गुणांक, म्हणजे वर धरलेले टक्के, वापरणारे देश आहेत का? आणि पद्धत बदलल्याने हवेत जाणारा वायू खरोखर कमी होतो का?

आकडेमोड

गणित बरोबर आहे. फक्त २००६ वर थांबू नका. २०१९ मध्ये आयपीसीसीने या तत्त्वांची सुधारित आवृत्ती काढली आणि त्यात हवामानाप्रमाणे गुणांक वेगळे केले. ओल्या हवामानात रासायनिक खताला १.६ टक्के, शेणखत आणि इतर सेंद्रिय नत्राला ०.६ टक्के. कोरड्या हवामानात सगळ्यांना ०.५ टक्के.

तुमचेच १०० किलो घेऊ. ओल्या हवामानात थेट ०.६, उडालेल्या नत्राचे ०.२९४ (२१ टक्क्यांचे १.४ टक्के), झिरपलेल्याचे ०.२६४ (२४ टक्क्यांचे १.१ टक्के). वायूत रूपांतर केल्यावर येतात ४८२ किलो. कोरड्या हवामानात झिरपणं शून्य धरतात, तिथे येतात २५२ किलो.

म्हणजे तेच खत, तेच रान, आणि आवृत्तीप्रमाणे आकडा ओल्या रानात ५९३ किंवा ४८२, कोरड्या रानात ५९३ किंवा २५२. मातीतल्या जिवाणूंना यातलं काहीच माहीत नाही. पॅरिस कराराखाली २००६ ची तत्त्वं बंधनकारक आहेत, २०१९ ची सुधारणा ऐच्छिक. त्यामुळे दोन देशांच्या या ओळी शेजारी ठेवून 'हा देश चांगला, तो वाईट' असं कोणी म्हणालं, तर आधी कोणती आवृत्ती वापरली ते विचारा.

वाफसा

आभार. ओल्या हवामानात शेणखत रासायनिक खताच्या निम्म्याहूनही खाली धरलंय हे मला नवीन आहे. यामागचं कारण काय?

आकडेमोड

शेणखतातलं बरंच नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेलं असतं. ते सावकाश सुटतं, एकदम नायट्रेटचा लोंढा येत नाही. पण '०.६' हा टक्का दगडावरची रेघ समजू नका, त्याची दिलेली कक्षा ०.१ ते १.१ आहे. २००६ च्या १ टक्क्याची कक्षा ०.३ ते ३ होती, म्हणजे दहापट.

याआधी, १९९६ च्या तत्त्वांत, अमोनिया होऊन उडणारं नत्र आधी वजा करायचे आणि उरलेल्याला १.२५ टक्के लावायचे. शेणखताच्या १०० किलोंतून २० गेले, ८० चे सव्वा टक्क्याने आले बरोबर १ किलो. थेट आकडा तोच राहिला. पण झिरपलेल्या नत्राचा गुणांक तेव्हा २.५ टक्के होता, तो २००६ मध्ये ०.७५ वर आला. औद्योगिक देशांनी २०१५ च्या अहवालांपासून नवी तत्त्वं घेतली आणि १९९० पासूनची सगळी मालिका नव्याने काढली. जुना छापील अहवाल आणि नवा यांत तुम्हाला 'घट' दिसली, तर ती रानात झालेली नाही.

पाणथळ

मी एका संशोधन केंद्रात हा वायू प्रत्यक्ष मोजायचं काम केलं आहे, म्हणून थोडं रानातलं सांगते.

मातीत धातूची कडी ठोकून बसवायची. मोजायच्या वेळी तिच्यावर झाकण घट्ट बसवून पेटी करायची. ठरावीक मिनिटांनी सुईने आतली हवा काढून बाटल्यांत भरायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. आतला नायट्रस ऑक्साइड किती वेगाने वाढला त्यावरून जमिनीतून किती निघतोय ते कळतं. ऐकायला सोपं आहे. पण एकाच रानात चार पावलांवर ठेवलेल्या दोन पेट्या इतके वेगळे आकडे देतात की आपल्याच हातावर शंका येते. एका पेटीखाली शेणाचा गोळा असतो, दुसरीखाली नसतो. आणि महिनाभर जवळपास काहीच नसतं, मग खत दिल्यावर एक पाऊस पडतो आणि दोनचार दिवसांत हंगामातला मोठा वाटा निघून जातो. ते चार दिवस सुट्टीत गेले तर तुमचं वर्ष चुकलं.

वाफसा, तुम्ही जे नाव घेतलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण ६० ते ७० टक्के पोकळ्या पाण्याने भरल्या की हा वायू सर्वात जास्त निघतो. त्याहून कोरड्या मातीत नायट्रेट खाणारे जिवाणू चालत नाहीत. त्याहून खूप ओल्या, तुंबलेल्या मातीत ते जिना पूर्ण चढतात आणि साधा नायट्रोजन होतो. म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था पूर्ण चिखलाची नाही, ना चांगल्या वाफशाची. ती या दोघांच्या मधली आहे: वाफसा नुकताच मोडलेला, पाऊस होऊन गेलेला, माती जड. आणि नेमकं त्याच वेळी ट्रॅक्टर घातला की चाकांखाली माती दबते, पोकळ्या कमी होतात, थोड्या पाण्यानेही भरतात. चाकोरीत ठेवलेल्या पेट्यांचे चढे आकडे आम्ही कधीही विसरलो नाही.

आणखी एक. आम्लधर्मी जमिनीत जिन्यावरची शेवटची पायरी चढवणारं विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही, त्यामुळे नायट्रस ऑक्साइडचा वाटा वाढतो. जमिनीचा सामू (पीएच) सुधारणं हाही उपाय आहे, जरी चुना दिल्यावर त्याचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या ओळीत लिहावा लागतो.

हिरवळ

मला हा सगळा सूर खटकतो आहे. शेणखताला हवामानाचा गुन्हेगार ठरवून शेवटी फायदा कोणाचा? ते दिलं नाही तर पिकाला नत्र कुठून येणार? युरियाच्या पोत्यातून. ते पोतं बनवायला नैसर्गिक वायू जाळतात, तो धूर शेतीच्या प्रकरणात लिहितच नाहीत, उद्योगाच्या प्रकरणात लिहितात. मग शेती स्वच्छ दिसते आणि शेणखत घाण.

वाफसा

हिरवळ, तुमचा राग रास्त आहे, आणि हिशेबाविषयीचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर. अमोनियाच्या कारखान्याचं उत्सर्जन उद्योगाच्या प्रकरणात जातं. ज्या देशात खत आयात होतं, तिथे ते त्या देशाच्या अहवालातही नसतं. शेणखत सोडा असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. माझं म्हणणं एवढंच की खतातल्या नत्राचा प्रत्येक किलो पिकाच्या मुळाशी पोचावा. हवेत गेला तर शेतकऱ्याचंही नुकसान आणि हवेचंही.

काठावरून

जमिनीत साठणाऱ्या कार्बनचं काय? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून एका पट्ट्याला दर वर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत देत आले आहेत. तिथल्या मातीतला सेंद्रिय कार्बन खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे. हा कार्बन हवेतूनच आला ना? तो वजा केला तर तुमची ओळ कदाचित शून्याखाली जाईल.

आकडेमोड

ब्रॉडबाल्कचं उदाहरण मलाही फार प्रिय आहे. पण ते देशाच्या हिशेबात घालताना जपून. त्या पट्ट्यावर आलेलं शेण कुठल्या तरी दुसऱ्या रानातल्या चाऱ्याचं आणि पेंढ्याचं आहे. त्या रानातून कार्बन उचलला आणि या पट्ट्यावर आणून टाकला. पट्ट्यापुरतं बघितलं तर साठा वाढला. देशभर बघितलं तर बरंचसं स्थलांतर आहे. शेण तसंही कुठे ना कुठे जमिनीतच जाणार होतं. खरी भर तेव्हाच पडते, जेव्हा ते शेण नाहीतर जाळलं गेलं असतं, किंवा पाण्यात सोडलं गेलं असतं, किंवा शेणखतामुळे पीक जास्त वाढून मुळांतून जास्त कार्बन मातीत जातो.

दुसरं, मातीतला साठा काही दशकांत नव्या पातळीवर जाऊन थबकतो, ब्रॉडबाल्कमध्येही वाढीचा वेग सुरुवातीच्या काळासारखा राहिला नाही. नायट्रस ऑक्साइड मात्र दर वर्षी निघत राहतो.

मातीचा कस, पाणी धरण्याची ताकद, यासाठी शेणखताला तोड नाही. ते त्याचं श्रेय आहेच. फक्त ते या ओळीतून वजा करू नये.

नत्रचक्र

वाफसा यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, आहेत. आणि उत्तर ऐकून तुम्हाला आनंद होईलच असं नाही.

नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पातळ खत, म्हणजे स्लरी, वरून शिंपडायला टप्प्याटप्प्याने बंदी आली. कारण अमोनिया. तो उडून जंगलं, गवताळ माळ, दलदली यांच्यावर उतरत होता. म्हणून जमिनीत चीर पाडून तिच्यात स्लरी सोडायची किंवा लगेच मातीआड करायची, असा नियम झाला. अमोनिया मोठ्या प्रमाणावर कमी झाला. पण तिथेच केलेल्या मोजणीत दिसलं की अशा पद्धतीने नायट्रस ऑक्साइड वाढतो. त्यामुळे त्यांच्या राष्ट्रीय हिशेबात वरून पसरलेल्या खताला ०.४ टक्के आणि मातीत घातलेल्या खताला ०.९ टक्के असे वेगळे गुणांक आहेत.

म्हणजे तुम्हाला हवी होती तशी पद्धत पाहणारी ओळ. आणि ती सांगते की 'चांगल्या' शेतकऱ्याचं थेट उत्सर्जन दुपटीहून जास्त!

कारण समजायला कठीण नाही. जे नत्र उडून गेलं असतं ते आता जमिनीत राहिलं. शिवाय चिरेत नत्र, ओल आणि जिवाणूंना खायला कार्बन, तिन्ही एका जागी दाटीने बसतात. पाणथळताई सांगतील की चिरेवर ठेवलेली पेटी काय दाखवते.

पाणथळ

दाखवते तेच जे तुम्ही लिहिलंय. चिरेवरची पेटी आणि दोन चिरांमधली पेटी म्हणजे दोन वेगळी रानं.

वाफसा

नत्रचक्र, हे वाचून रात्री बराच वेळ कागद-पेन घेऊन बसलो होतो. १०० किलो नत्रावर एक कल्पित हिशेब मांडतो, चुकलं तर सांगा.

समजा वरून पसरलं तर २० किलो उडतं आणि मातीत घातलं तर ५. वाचले १५ किलो. उडालेल्या नत्राचा अप्रत्यक्ष नायट्रस ऑक्साइड १ टक्क्याने धरला तर बचत ०.१५ किलो. थेट आकडा मात्र ०.४ वरून ०.९ वर गेला, म्हणजे ०.५ ने वाढला. निव्वळ ०.३५ किलोचा तोटा. आता वाचलेल्या १५ किलोंइतकं रासायनिक खत शेतकऱ्याने कमी टाकलं तर त्याचा १ टक्का, आणखी ०.१५ वाचले. तोटा राहिला ०.२ किलो, म्हणजे ८३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. वर हिरवळ यांनी सांगितलेला कारखान्यातला धूर, १५ किलो नत्राचा, तोही वाचला. तो धरला तर हा तोटा बराचसा भरून निघतो.

पण यात एक अट दडलेली आहे. शेतकऱ्याने पोतं खरोखर कमी टाकलं पाहिजे. वाचलेलं नत्र लक्षातच घेतलं नाही आणि नेहमीचा डोस तसाच दिला तर सगळाच तोटा, हवेत आणि पाण्यात दोन्हीकडे.

नत्रचक्र

मांडणी बरोबर. फक्त एक जोडा: अमोनिया हा काही नुसता नायट्रस ऑक्साइडचा काका नाही. हवेत त्याचे बारीक कण बनतात, ते फुप्फुसात जातात. नत्राला न सरावलेल्या जंगलांत आणि दलदलीत तो उतरला की तिथली झाडंझुडपं बदलतात. हवामानाचा तराजू थोडा इकडे झुकला म्हणून नेदरलँड्सने पुन्हा वरून शिंपडायला परवानगी द्यावी असं मी कधीच म्हणणार नाही.

तळटाकी

तुम्ही सगळे रानात उभे आहात, मी टाकीपाशी उभा आहे. माझ्या मते गाडं तिथेच अडतं.

स्लरी महिनोन्महिने उघड्या टाकीत, उबदार हवेत राहिली तर मिथेन तिथेच निघतो, आणि बहुतेक दुग्धप्रधान देशांत तो लक्षात घेण्याजोगा मोठा असतो. म्हणून टाकीवर झाकण किंवा बायोगॅस. बायोगॅसमध्ये मिथेन पकडून जाळला, फार उत्तम. पण बाहेर पडणारी मळी वेगळी असते: कार्बन कमी झालेला, अमोनियमचा वाटा वाढलेला, सामू चढलेला. ती पिकाला लवकर लागू पडते, पण उघड्यावर पसरली तर अमोनियाही जास्त उडतो. तेव्हा बायोगॅस केला म्हणून पसरण्याची काळजी कमी होत नाही, उलट वाढते.

डेन्मार्कमध्ये दुसरी वाट वापरतात. स्लरीत गंधकाम्ल घालून तिचा सामू उतरवायचा. गोठ्यात किंवा टाकीत आम्ल घातलं तर साठवणीतला मिथेनही दबतो आणि अमोनियाही. रानात पसरताना घातलं तर फक्त अमोनिया. एकच बाटली, पण साखळीत कुठे ओतली त्यावर फळ बदलतं.

आणि आता थंड देशांचा पेच बघा. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर खत द्यायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. पीक झोपलेलं असतं, बर्फ वितळला की सगळं ओढ्यात जातं. शिवाय जमीन वितळताना नायट्रस ऑक्साइडचा मोठा झोत निघतो, कॅनडातल्या मोजण्यांत तो वारंवार दिसला आहे. पण बंदीचे महिने वाढले की टाकीत साठवणीचे महिने वाढतात. थंडीत मिथेन कमी बनतो हे नशीब. बंदी उठल्यावर मात्र सगळे एकाच आठवड्यात टाक्या रिकाम्या करतात, तेव्हा वाफसा कोण बघतो? ज्याच्याकडे टाकी मोठी त्यालाच थांबायची मुभा. माझ्या अनुभवात चांगल्या वेळी खत देणं ही शहाणपणाची कमी आणि टाकीच्या आकाराची गोष्ट जास्त आहे.

वाफसा

तळटाकी, शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मी वर 'टाकी भरली म्हणून ओतून मोकळा झाला' असं लिहिलं, जणू तो आळशी आहे. त्याच्याकडे थांबायला जागाच नसेल हे मी ध्यानात घेतलं नव्हतं. ते वाक्य मागे घेतो.

काठावरून

एक शंका. जनावर चरताना माळावरच शेण-मूत्र टाकतं, ते याच ओळीत येतं का?

आकडेमोड

नाही, त्याची वेगळी ओळ. एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीतही खताच्या तीन वेगळ्या नोंदी आहेत: साठवण, जमिनीला दिलेलं, आणि चराईत पडलेलं. जगाच्या पातळीवर यांतला सर्वात मोठा नत्राचा वाटा चराईत पडलेल्याचा आहे. न्यूझीलंडसारख्या देशात गाई वर्षभर बाहेर असतात, तिथे आपली 'दिलेलं खत' ही ओळ छोटी आणि चराईची ओळ मोठी. इंधन म्हणून जाळलेलं शेणही आपल्या ओळीतून वजा होतं.

चराईच्या गुणांकात तर उलथापालथच झाली. २००६ मध्ये गाई-म्हशी, डुकरं, कोंबड्या यांच्यासाठी २ टक्के होता. २०१९ मध्ये ०.४ टक्के. पाचव्या हिश्श्यावर!

नत्रचक्र

न्यूझीलंडचं नाव निघालं म्हणून. तिथे नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना आवर घालणारं डीसीडी नावाचं रसायन गवतावर फवारत होते. अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावला की झिरपणंही कमी आणि नायट्रस ऑक्साइडही कमी. ते देशाच्या हिशेबातही धरलं जात होतं. मग दुधात त्याचे अतिसूक्ष्म अंश सापडले. आरोग्याला धोका नाही असंच सांगितलं गेलं, पण दुधात ते किती चालेल याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं नव्हतं. २०१३ च्या जानेवारीत ही गोष्ट जाहीर झाली आणि विक्री थांबली. उपाय रानात उत्तम चालत होता, पण बाजारात टिकला नाही.

असे निरोधक स्लरीत मिसळूनही देतात. मातीत घातलेल्या खताचा ०.९ चा आकडा खाली आणायचा तर मला तीच वाट दिसते, पण चराईच्या गवतापेक्षा नांगरटीच्या रानात आधी.

हिरवळ

मग पुन्हा एक रसायन. दुसरी वाट अशी नाही का की एका जागी इतकं खत साचूच द्यायचं नाही?

तळटाकी

आहे, आणि तीच सर्वांत ठोस आहे. युरोपीय संघाचा १९९१ चा नायट्रेट निर्देश बघा. नायट्रेटच्या धोक्याच्या क्षेत्रांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला जास्तीत जास्त १७० किलो नत्र. हा नियम पाण्यासाठी केला, हवेसाठी नव्हे. पण जमिनीत पिकाच्या गरजेपेक्षा जास्त नायट्रेट उरलंच नाही तर जिवाणू खाणार काय? काही देशांना सूट होती, नेदरलँड्स आणि आयर्लंडमध्ये ती २५० किलोपर्यंत जायची. नेदरलँड्सची सूट टप्प्याटप्प्याने २०२५ अखेर संपवायचं ठरलं, आयर्लंडमध्ये २०२४ पासून काही भागांत मर्यादा २२० वर आणली.

अडचण वाहतुकीची आहे. स्लरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ज्या भागात जनावरं दाटली आहेत तिथलं खत, ज्या भागात नुसती पिकं आहेत तिथे न्यायचं म्हणजे रस्त्याने पाणीच वाहायचं. म्हणून घन आणि द्रव वेगळे करतात, घन भाग लांब नेतात. एकीकडे नत्राचा पूर, दुसरीकडे पोत्यातलं नत्र विकत, हे एकाच देशात शेजारीशेजारी चाललेलं असतं. देशाची ओळ एकच असल्यामुळे ते तिच्यात दिसत नाही.

काठावरून

आणि या सगळ्या टक्क्यांवर विश्वास ठेवायचा का? वातावरणाच्या रसायनाचे शास्त्रज्ञ पाउल क्रुट्झेन यांनी २००८ मध्ये हवेतल्या एकूण वाढीवरून उलटा हिशेब केला, तेव्हा शेतीत नव्याने आलेल्या नत्राच्या ३ ते ५ टक्के नायट्रस ऑक्साइड होतो असं आलं. तुमचा १ टक्का कुठे आणि ते ५ कुठे.

आकडेमोड

दोन्ही एकमेकांना खोटं पाडत नाहीत. क्रुट्झेन यांनी नत्राचा सगळा प्रवास धरला. कारखान्यातून आलेलं नत्र पिकात जातं, चारा होऊन गोठ्यात जातं, शेणात येतं, पुन्हा रानात जातं, ओढ्यात जातं. प्रत्येक मुक्कामावर थोडं थोडं निसटतं. आपण बोलतोय ती ओळ म्हणजे त्यातला फक्त एक मुक्काम. सगळे मुक्काम जोडले की ते दोन हिशेब बरेच जवळ येतात.

वाफसा

मूळ लेखातला माझा आग्रह थोडा बदलतो आहे. ओळीने पद्धत पाहावी हे अजूनही म्हणेन, पण नुसत्या पसरण्याच्या पद्धतीने नाही. नेदरलँड्सच्या उदाहरणाने ती चूक दाखवली. टाकी, खत देण्याची वेळ, आणि नंतर पोतं कमी टाकलं का, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय गुणांक वेगळे करून उपयोग नाही. असा हिशेब एखाद्या देशाला उद्या सुरू करायचा असेल तर आधी कोणती माहिती गोळा करावी?

नत्रचक्र

शेतकऱ्यांची पाहणी, दर काही वर्षांनी. टाकीत किती महिन्यांचं खत मावतं, झाकण आहे का. खत कोणत्या महिन्यात, कोणत्या यंत्राने दिलं, किती तासांत मातीआड केलं. खताची तपासणी करून त्यातलं नत्र धरून पोती कमी केली का. मोजणीच्या पेट्या त्यानंतर, आणि त्याही अशा जागी जिथे ही उत्तरं एकमेकांपासून सर्वांत वेगळी आली.

पाणथळ

आणि खत दिलं त्या दिवशी रान वाफशावर होतं का, हा प्रश्न त्या पाहणीत नक्की घाला. शेतकरी त्याचं उत्तर बिनचूक देतात, त्यासाठी यंत्र लागत नाही. पेट्या बसवणार असाल तर चाकोरीतली एक वेगळी ठेवा, आणि खत दिल्यानंतरच्या पहिल्या पावसाला कोणीतरी रानात हवं, रविवार असला तरी.